हात काकांचा, अक्षर काकूचं

३ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरी हिला काकाचे पोटभर आशीर्वाद!

तुझा खोकला कसा आहे! जावईबापूंची पाठ काय म्हणते! खुर्चीतून उठताना अजून "आई आई गं" करतात, की सुधारणा होऊन एका "आई"वर आले! तुझ्या सासूबाईंचे गुडघे कसे आहेत! त्यांना म्हणावं, जिना उलटं तोंड करून उतरून बघा, मी जन्मभर शिडीवरून तसाच उतरलो, गुडघा कधी कुरकुरला नाही! बारकीचा पुढचा दात पडला का! पडला असेल तर निदान महिनाभर तिला गुपितं सांगू नका, वाटेतच सांडतील!

इकडे मी बरा आहे! तुझी काकू माझ्याहून बरी आहे आणि तसं दिवसातून चारदा मला ऐकवते!

तू म्हणशील, काका एवढे ओरडतायत का! ओरडत नाही गं बाई! भंगारवाल्याकडून टाइपरायटर आणलाय! त्याची पूर्णविरामाची कळ मेलेली आहे! भंगारवाला म्हणाला, "काका, एक टिंब तेवढं नाही, बाकी घोडा आहे घोडा!" पण टिंबाशिवाय वाक्य म्हणजे ब्रेकशिवाय सायकल! शेवटी ही उद्गाराची कळ सापडली, अगदी कोरी करकरीत! आधीच्या मालकाला जन्मात कशाचं आश्चर्य वाटलेलं दिसत नाही! म्हटलं, उतारावर दगड लावून थांबवतात तसं वाक्य हिनेच थांबवू!

पेनाचं म्हणशील तर त्याचं नाव काढू नकोस! पेन रुसलंय! पहिलं प्रकरण त्याने लिहून दिलं, आता माणसाने नवीन काही शिकायला नको का!

सोबत दुसरं प्रकरण पाठवतोय! "आत कुत्रा आहे" ही पाटी मी ज्याला रंगवून दिली त्याच्याकडे कुत्राच नव्हता, आणि लोक बाहेरूनच परत जायला लागल्यावर बिचाऱ्याला करमेना म्हणून त्याने खरंच कुत्रा आणला, ती हकिकत!

एक सांगतो, हसू नकोस! गावातली माझ्या हातची शेवटची पाटी परवा उतरली! न्हाव्याच्या दुकानाची! तिथे आता छापील प्लास्टिक आलंय! न्हावी म्हणाला, "काका, राग मानू नका, ती धुता येते!" राग नाही मानला! पण येताना सगळ्या बाजारातून वर बघत आलो, माझं एक अक्षर कुठे शिल्लक नाही! म्हणून म्हणतो, पुस्तक झालं पाहिजे! भिंतीवर नाही तर नाही, निदान कुणाच्या तरी कपाटात मी लिहिलेलं राहू दे!

फोन करू नकोस, पत्रच लिही! फोनवर सगळं तुझी काकूच बोलते, माझ्या वाट्याला "बरं, ठेवतो" एवढंच उरतं!

तुझा काका!

---

१५ फेब्रुवारी

ती. काकांना सा. न.

आपले पत्र व प्रकरण दुसरे मिळाले. आमच्या प्रकृतीचा तपशील पुढीलप्रमाणे:

१. माझा खोकला: गेला.
२. यांची पाठ: अजून दोन "आई"वरच आहे.
३. सासूबाईंचे गुडघे: तुमचा उपाय त्यांनी केला. उलटं उतरताना वरून येणाऱ्या शेजारणीशी गप्पा सुरू झाल्या आणि दोघी जिन्यातच बसल्या. गुडघे बरे आहेत, वरण करपलं.
४. दात: पडला. गुपितंही सांडली.

(काका, असं आकडे घालून लिहिते म्हणून रागावू नका. दिवसभर ऑफिसात लोकांची हस्तलिखितं वाचायची आणि कॉम्प्युटरवर उत्तरं बडवायची. घरी यांना सुद्धा "विषय: दूध संपल्याबाबत" असं लिहून ठेवते.)

आता पुस्तकाबद्दल. तुमचं पहिलं प्रकरण आमच्या प्रकाशनाच्या मालकीणबाईंनी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खुर्ची ओढून पुन्हा बसून वाचलं. म्हणाल्या, "हा माणूस वाक्याला आधी बसायला देतो, पाणी देतो, मग हळूच मुद्द्यावर येतो." दुसरं प्रकरण वाचून मात्र त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"तुझ्या काकांना ऐकायला कमी येतं का गं?"

"नाही हो. का?"

"मग माझ्यावर एवढे ओरडतायत का? कुत्रा आला! कुत्रा बसला! कुत्रा झोपला! मला वाटलं घराला आग लागली!"

काका, टिंब नसलं की तुमची सगळी माणसं दचकलेली दिसतात. एरवी हळूहळू बोलणारा तो कुत्र्याचा मालकसुद्धा.

मे महिन्याच्या अखेरीला यंदाची पुस्तकं ठरतात. तोपर्यंत आणखी एक-दोन प्रकरणं पहिल्यासारखी आली तर तुमचं पुस्तक नक्की; नाहीतर मालकीणबाई पुढच्या वर्षाचं बोलतात, आणि त्यांचं पुढचं वर्ष कधी उजाडतं हे कुणी पाहिलेलं नाही. तेव्हा माझं ऐका, ते यंत्र परत करा आणि पेनाची समजूत काढा. तुम्ही नवीन खेळण्यात रमलात, पण मला माझे जुने काका हवेत.

काकूला नमस्कार.

तुमची
भिंगरी

---

९ मार्च

चिरंजीव भिंगरीला आशीर्वाद टाइपरायटर परत दिला तुझ्या मालकीणबाईंच्या कानांना त्रास नको आता मी नुसता बोलतोय आणि फोन आपला आपण लिहून घेतोय शेजारच्या शिंपीणबाईंनी शिकवलं म्हणाल्या काका तुम्ही बोलत राहा हा ऐकतो म्हटलं बाई या घरात पहिल्यांदाच कुणीतरी ऐकणारं आलं

अहो कुणाशी बोलताय

भिंगरीशी

ती कुठे आहे

फोनात

मग विचारा की तिला सासूबाईंनी माझं लोकरीचं लोणच्यासारखं जपलेलं स्वेटर परत कधी

अगं हा बोलायचा फोन नाही हा लिहायचा आहे तू मध्ये बोलू नकोस तो तुझंही लिहील

लिहू दे की मी काय शिव्या देतेय

मी त्याला बजावलंय फक्त माझंच लिही म्हणून शहाणा आहे तो तर प्रकरण तिसरं दाताच्या डॉक्टरांची पाटी डॉक्टर म्हणाले दात मोठा काढ इतका मोठा की बघणाऱ्याला पलीकडच्या फुटपाथवर दुखायला लागलं पाहिजे मी म्हटलं डॉक्टर दात कसला काढू दुखरा की निरोगी तर ते म्हणाले निरोगी काढलास तर माझ्याकडे येईल कोण तेव्हा मी शिडी लावली आणि

कप दोन्ही हातांनी धरा सांडतोय बघा

धरलाय

कुठे धरलाय अर्धा चहा बशीत आहे अर्धा लेंग्यावर तुम्ही भिंगरीला हाताचं कळवलंत का

हळू बोल

का हळू बोलू पेन धरलं की हात झाडाच्या पानासारखा हलतो आणि हे तिला कळवतात पेन रुसलंय म्हणून पेन कशाला रुसेल पेनाला काय झालंय

अगं तिला कळलं तर म्हणेल काका पुरे झालं आराम करा आणि आरामात पुस्तक राहून जाईल मग माझं काय राहिलं कुठे

मग एकदा डॉक्टरला तरी दाखवा

दाखवतो पुस्तक झाल्यावर दाखवतो आता जा मला दात काढू दे तर भिंगरे मी शिडी लावली आणि बघतो तर मांजर आत आलं दार लाव दूध झाकलंय का हे मी मांजराचं म्हणत होतो फोनबाबा हे लिहू नकोस

असो माझा चष्मा शिंपीणबाईंकडे राहिलाय म्हणून वाचून बघत नाही तसाच झेरॉक्सच्या दुकानातून कागदावर काढून पाकिटात घालतो तो दुकानदार गालात हसेल तो तसाच आहे आता हे थांबवायचं कसं लाल दाबू का हिरवं

हिरवं दाबा

हिरवं दाबलं तर

---

२० मार्च

ती. काकांना सा. न.

पत्र आणि दाताच्या डॉक्टरांची पाटी, म्हणजे अर्धी पाटी, मिळाली. आम्ही सगळे खुशाल आहोत. तुम्ही आणि काकू कसे आहात? तुम्ही कसे आहात, हे मी पुन्हा एकदा विचारते आहे.

काका, मागच्या पत्रात मी पेनाचा हट्ट धरला तो सोडून द्या. माझंच चुकलं. बोलून लिहा, टाइप करा, नाहीतर लिहूच नका, मला सगळं चालेल. पुस्तकाचा घोर लावून घेऊ नका. पुस्तकाचं काय, झालं तर झालं, नाही झालं तर आभाळ कोसळत नाही. माणसाने आधी जिवाला जपावं. उन्हात फिरू नका, वेळेवर जेवा, आणि एकदा डॉक्टरांकडे जाऊन सगळी तपासणी करून घ्या. सहजच सांगते आहे, मनात काही नाही.

ऑफिसात हस्तलिखितांचा डोंगर साचलाय, म्हणून इथेच थांबते.

आपण आस्थेने पाठवलेले साहित्य आम्ही काळजीपूर्वक वाचले. तथापि ते आमच्या प्रकाशनाच्या धोरणात बसत नसल्याने साभार परत करीत आहोत. गैरसमज नसावा. आपल्या पुढील लेखनास शुभेच्छा.

तुमची
भिंगरी

---

१४ एप्रिल

आदरणीय महोदया,

आपले पत्र मिळाले. आपण दिलेल्या वेळेबद्दल मनःपूर्वक धन्यवाद. आपला निर्णय मला मान्य आहे.

आपल्या कुटुंबातील सर्वांना उत्तम आरोग्य लाभो. आपला दिवस आनंदात जावो.

आपला विश्वासू,
काका

---

१८ एप्रिल

माझ्या काका,

तुमचं पत्र आज दुपारी आलं. "महोदया" वाचून मी आधी पाकिटावरचा पत्ता पाहिला, म्हटलं दुसऱ्या कुणाचं पत्र आपल्याकडे आलं. मग खाली "काका" दिसलं. तुम्ही आजारी आहात असंच वाटलं. यांना दाखवलं, तर हे म्हणाले, "ही काकांची भाषा नाही. फोनवर एक शब्द लिहिला की पुढचा तो स्वतःच सुचवतो ना, तसं दिसतंय. दाबत गेलं की असं गुळगुळीत पत्र तयार होतं. पण काय गं, तू त्यांना लिहिलं होतंस तरी काय?"

म्हणून मी माझंच मागचं पत्र कॉम्प्युटरवर उघडून वाचलं. शेवटपर्यंत वाचलं आणि तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

काका, तो शेवटचा परिच्छेद तुमच्यासाठी नव्हता हो. आमच्याकडे नकाराचं एक ठेवणीतलं पत्र असतं. वरचं नाव बदलायचं, मजकूर बदलायचा, खालचं तसंच ठेवायचं. त्या दिवशी एकामागून एक नकार पाठवत होते. मध्येच तुमची आठवण झाली, म्हणून त्यातल्याच एका कागदावर वरचं पुसून तुम्हाला लिहायला बसले. खालचं पुसायचं राहिलं. आणि वर मीच लिहिलेलं, पुस्तक नाही झालं तर आभाळ कोसळत नाही! तुम्ही ते दोन्ही एकत्र वाचलं असणार. दुसऱ्या कुणी वाचलं असतं तरी हाच अर्थ लावला असता.

तुमचं पुस्तक कुणीही नाकारलेलं नाही. मालकीणबाई कालही विचारत होत्या, "पाटीवाले काका गप्प का?"

हे हाताने लिहितेय, म्हणून खाडाखोड दिसेल. कॉम्प्युटरवर मी कधी अडखळत नाही, आणि तेच वाईट आहे. इथे बोट दुखलं की थांबावं लागतं, आणि थांबलं की आपण काय लिहिलं ते दिसतं. दिसल्यावर मग लाज वाटून दोन ओळी खोडाव्या लागतात. वरच्या दोन खोडल्या आहेत त्यात मी तुम्हाला डॉक्टरांवरून पुन्हा उपदेश करत होते.

आता खरं ते सांगते. तुमच्या हाताचं मला ठाऊक आहे. तुमच्या शहाण्या फोनने सगळं लिहून घेतलं होतं. चहा, बशी, लेंगा, काकू, मांजर, सगळं. मी मुद्दाम कळू दिलं नाही, कारण तुम्ही लपवत होता. तुम्ही माझ्यापासून लपवलंत, मी तुमच्यापासून लपवलं, आणि मध्ये त्या दोन यंत्रांनी आपली भांडणं लावली.

मी "पुरे झालं, आराम करा" असं मुळीच म्हणणार नाही. मे संपायला अजून वेळ आहे. कसं लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण मला पुन्हा महोदया म्हणालात तर गाडी पकडून तिथे येईन आणि दारात बसेन.

तुमचीच
भिंगरी

---

६ मे

चि. भिंगरी,

आशीर्वाद. अक्षर ओळखलंस का? तुझी काकू.

मी औषधाच्या दुकानात नोकरी केली, तिथे बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहायचे. चिठ्ठी दोन बोटं रुंद. म्हणून माझी वाक्यं लहान. सांभाळून घे.

तुझं ते नकाराचं पत्र आलं त्या दिवशी यांनी लिहिलेले कागद बांधून माळ्यावर टाकले. नंतर जेवायला बसले आणि भाजी छान झालीय म्हणाले. तेव्हाच मी घाबरले. आमच्याकडे भाजीला कधी छान म्हणायची पद्धत नाही.

तुझं दुसरं पत्र आलं. यांनी वाचलं. माझ्याकडे देऊन गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा डोळे लाल होते. रंगाचा वास सहन होत नाही म्हणाले. घरात रंग नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं. हाताच्या शिरांचं दुखणं आहे. जिवाला धोका नाही. गोळी सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर. हात पूर्वीसारखा होणार नाही असं स्पष्ट म्हणाले. हे ऐकून घरी आल्यावर यांनी टेबलावर पेन ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसले. मला ते बघवेना. पेन मी उचललं. म्हटलं, "सांगा. मी लिहिते."

म्हणाले, "तुला जमणार नाही. मी बोलेन तसं लिहावं लागेल."

म्हटलं, "बोला तर आधी."

पहिल्या दिवशी तीनदा भांडण झालं. दुसऱ्या दिवशी ते रुसून शिंपीणबाईंकडे चहाला गेले. तिसऱ्या दिवशी असं ठरलं की ते सांगतील ते मी लिहायचं, पण खोटं मी लिहिणार नाही. खोटं आलं तर कंसात माझं म्हणणं घालायचं. त्यांनी मान्य केलं. त्यांना वाटलं एखाददुसरा कंस येईल.

प्रकरण पाठवतेय. सुरुवात इथेच उतरवते, म्हणजे चालेल की नाही ते कळव.

"पाण्याच्या टाकीवरची अक्षरं. त्या सकाळी आभाळ असं होतं की (इथे आभाळाचं वर्णन होतं. निळं होतं. पुढे.) मी एकटाच शिडी घेऊन निघालो. (एकटे नव्हते. शिडीचं मागचं टोक माझ्या खांद्यावर होतं.) बरं, आम्ही दोघं निघालो. टाकी उंच होती. पण उंचीला मी कधी भ्यालो नाही. (चढताना माझ्या नावाने हाका मारत होते.) त्या हाका धीर देण्यासाठी होत्या. (कुणाला?) लिहायचं होतं 'पाणी जपून वापरा'. प्रत्येक अक्षर माणसाएवढं. आधी दोरीला खडू लावून रेष मारली. मग 'पाणी' झालं, 'जपून' झालं, 'वापरा'चा काना ओढत होतो, इतक्यात टाकी भरून वाहायला लागली. वरून धार आली ती नेमकी 'जपून'वर. रंग ओला होता. डोळ्यांदेखत 'जपून' वाहून गेलं. मी शिडीवरून ओरडलो, पाणी बंद करा! (माणूस जेवायला गेला होता.) खाली उतरून बघतो तर भिंतीवर काय उरलं? 'पाणी वापरा.' पालिकेचे साहेब यायच्या आत पुन्हा लिहायचं तर रंग संपलेला. तो हुकूम आठवडाभर तसाच होता. (लोकांनी पाळला.)"

असं सगळं आहे. मला वाटलं कंसांनी यांना राग येईल. परवा वाचून दाखवलं तर पोट धरून हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, "अगं, प्रत्येक पाटीला शिडी तूच धरलीस, हे मी पहिल्या दोन प्रकरणांत कुठेच लिहिलं नाही."

म्हटलं, "पेनाने तुम्हाला आठवण केली नसेल."

डोळ्यांत थेंब आले. (माझ्या नाही.)

काकू

---

२२ मे

ती. काकांना आणि सौ. काकूला सा. न.

हेही हातानेच लिहितेय. आता सवय लागली. परवा मालकीणबाईंना एक टिपण हाताने लिहून दिलं तर म्हणाल्या, "तुझी तब्येत बरी आहे ना?"

तुमचं टाकीचं प्रकरण मी त्यांच्या टेबलावर ठेवून दाराबाहेर उभी राहिले.  मग आतून एकदम असं हसू आलं की आमचा शिपाई पाण्याचा पेला घेऊन धावला. मला आत बोलावलं.

"हे कंसातलं माणूस कोण आहे?"

"माझी काकू."

"हे सगळं खरं आहे?"

"काकूचं खरं आहे. काकांचं बघावं लागेल."

मग त्या पुन्हा पान उलटून "कुणाला?" वर आल्या आणि पुन्हा हसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "पुस्तक घेतलं. पण एका अटीवर. कंसातला एकही शब्द गाळायचा नाही. आणि पहिली दोन प्रकरणंही या बाईंच्या हाताखालून जाऊ देत."

काका, झालं. पुस्तक झालं!

(हा उद्गार मुद्दाम आहे. माझ्या पेनाला टिंब येतं.)

आता एकच राहिलं. मुखपृष्ठ छापायला जातंय. त्यावर नाव काय घालायचं? मालकीणबाई म्हणतात, ते तुम्ही दोघांनी मिळून कळवावं. एकमताने कळवावं असंही म्हणाल्या, पण मी त्यांना म्हटलं, तेवढं मागू नका.

घरचे सगळे नाचतायत. यांना नाचताना पाठीचा विसर पडला, तो रात्री आठवला.

तुमची
भिंगरी

---

३० मे

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं. यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं. शिंपीणबाईंना दोनदा. न्हाव्यालाही जाऊन सांगितलं. म्हणाले, "आता मी पण धुतलं तरी न जाणारा झालो."

मुखपृष्ठाचं कळवते. नाव यांचंच घाल. पुस्तक यांचं आहे. पाट्या यांच्या, आठवणी यांच्या, गप्पा यांच्या. मी लेखनिक. बाटलीवर चिठ्ठी लिहिणाऱ्याचं नाव असतं का? नसतं.

(ते समोर बसून काहीतरी सांगताहेत. मी ते लिहीत नाही.)

(पुन्हा तेच सांगताहेत. आवाज चढलाय.)

म्हणतात, "मी सांगेन ते लिहायचं असं ठरलं होतं." म्हटलं, खोटं लिहायचं नाही असंही ठरलं होतं. म्हणाले, "यात खोटं काय आहे?" मी पेनात शाई भरली.

म्हणतात, "तू लिहिलं नाहीस तर मी फोनला सांगेन." फोन मी डब्यात ठेवलाय.

तर यांचं एकट्याचं नाव. मोठ्या अक्षरात. हा निर्णय पक्का. पुढचं प्रकरण सुतारशाळेच्या पाटीचं आहे, पंधरा दिवसांत पाठव

(पेन ओढताहेत. पेन सोडा. शाई सांडेल. अहो

भिंगरे

दोघांची नावं घाल

तिचं आधी

हे माझ्या हाताने लिहिलंय

वाचता आलं का ते लगेच कळव